मातोश्रींसह चोबे नदीवर

आपल्या समाजांत वृद्ध आईबापांचा प्रवास म्हटला कीं तो तीर्थयात्रेचाच असावयाचा, हें जणुं ठरून गेलें आहे. काशी, गया, रामेश्वर, द्वारका, जमल्यास बदरीकेदार. एवढें झालें म्हणजे मुलगा ऋणांतून मोकळा झाला असें आपण समजतों. श्रावणबाळानें आंधळ्या मातापितरांना कावडींत बसवून तीर्थें घडविलीं, ही कथा वर्गांत सांगतांना आमच्या मनांत नेहमीं एक शंका येई. वाटेंत एखाद्या वनांत मोरांचा आवाज कानीं पडून "बाळा, येथें जरा थांब" असें त्या वृद्धांनीं म्हटलें असेल काय? कथाकारांनीं तें लिहून ठेविलें नाहीं. तीर्थयात्रेचें माहात्म्य उणें करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु वृद्ध माणसालाही केवळ पाहण्याचा आनंद हवा असतो, आणि पुण्याच्या हिशेबांत तो आपण धरीत नाहीं, एवढेंच आम्हांस म्हणावयाचें आहे.

आमच्या मातोश्रींना पंचाऐशीवें वर्ष पुरें झालें तेव्हां आतां कोणत्या क्षेत्रीं जावयाचें, असें आम्हीं त्यांना विचारलें. आमचें बिऱ्हाड नाशकांत, त्यामुळें गोदावरी घरचीच. काशी-रामेश्वर पूर्वींच झालेलें. मातोश्री म्हणाल्या, "देव पुष्कळ पाहिले. आतां जेथें नमस्कार करावा लागणार नाहीं अशा ठिकाणीं ने. मला हत्ती पाहायचे आहेत. देवळाच्या दाराशीं बांधलेला नको, सर्कशींतला नको. ज्याच्या पायांत सांखळी नाहीं असा."

हें ऐकून घरांत मोठी चर्चा झाली. धाकट्या बंधूंचा विरोध होता. गुडघे गेलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला समुद्रापलीकडे नेणें म्हणजे अविचार, आणि तिकडेच कांहीं बरेंवाईट झालें तर काय, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न खोटा नव्हता. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तो आम्हांलाही छळीत असे. त्याचें उत्तर मातोश्रींनींच दिलें. त्या आम्हांस म्हणाल्या, "तूं एवढें संस्कृत शिकवलेंस. नाशकांत मेलें म्हणजे सद्गति आणि तिकडे मेलें म्हणजे नाहीं, असें कोणत्या पोथींत आहे तें मला काढून दाखव." आम्हांस तें दाखवितां आलें नाहीं. बंधु उठून गेले, पण दुसऱ्या दिवशीं त्यांनींच चाकांच्या खुर्चीची चौकशी आरंभिली.

मग कोठें जावें याचा विचार सुरू झाला. आफ्रिकेंतील वन्य पशु पाहावयाचे म्हणजे बहुतेक लोक मोटारींतून माळरानें हिंडतात. त्या कच्च्या रस्त्यांवरील हादरे वृद्ध हाडांस सोसण्यासारखे नसतात. नदीवरील प्रवासाची गोष्ट निराळी. तेथें आपण स्वस्थ बसावें आणि पशूंनींच पाण्यावर यावें. शिवाय आरोग्याचा एक विचार होता. केनिया व युगांडा हे देश पीतज्वराच्या यादींत मोडतात. तेथून परतणाऱ्या प्रवाशाजवळ लस टोंचल्याचा दाखला नसेल तर आपलें सरकार त्यास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवूं शकतें. ही लस जिवंत विषाणूंची असते. साठी उलटलेल्या माणसांना तिच्यापासून गंभीर अपाय क्वचितच होतो. तथापि त्याचा संभव तरुणांपेक्षां अधिक असल्यामुळें त्यांना ती द्यावी कीं नाहीं हें डॉक्टरांस तोलून पाहावें लागतें. दक्षिणेकडील बोत्स्वाना देश त्या यादींत नाहीं, आणि त्याच्या उत्तर सीमेवर चोबे नांवाची नदी आहे. म्हणून चोबे निश्चित झाली. वाटेंतील विमानतळही त्या यादींतील देशाचा नसावा, एवढ्यासाठीं आम्हीं आखाती देशांवरून जाण्याचा मार्ग घेतला. चोबेच्या कांठीं हिंवतापाचें भय आहे. परंतु तें पावसाळ्यांत अधिक असतें. जुलै महिना तिकडे थंडीचा व कोरडा. डॉक्टरांनीं त्यावरील गोळ्या लिहून दिल्या, आणि २०२४ सालच्या जुलैंत आम्ही उभयतां निघालों. जोहान्सबर्गला एक रात्र विश्रांति घेऊन दुसऱ्या दिवशीं लहान विमानानें कसाने या नदीकांठच्या गांवीं उतरलों.

या नदीचा थोडा परिचय करून देणें अवश्य आहे. अंगोलाच्या पठारावर ती उगम पावते तेव्हां तिचें नांव क्वांदो. पुढें ती लिन्यांती होते. आणि शेवटच्या टप्प्यांत तिला चोबे म्हणतात. आपली गंगा वर भागीरथी व बंगाल्यांत पद्मा म्हणवते, तसाच हा प्रकार. काझुंगुला येथें चोबे झांबेझीस मिळते. त्या संगमाजवळ बोत्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे या चार देशांच्या सीमा अगदीं लगटून आहेत. तेथील ९२३ मीटर लांबीचा पूल २०२१ सालच्या मे महिन्यांत खुला झाला. झिंबाब्वेच्या हद्दीस स्पर्श होऊं नये म्हणून तो मुद्दाम वांकडा बांधला आहे. चोबेचा आणखी एक विशेष असा कीं, मार्च ते मे या काळांत झांबेझीस मोठा पूर येतो, तेव्हां तिचें पाणी चोबेंत शिरतें आणि ही नदी कांहीं काळ उलटी वाहते. हें सांगितलें तेव्हां मातोश्री लगेच म्हणाल्या, "यांत काय नवल? थोरली जाऊ घरांत आली कीं धाकटीनें स्वयंपाकघरांत मागें सरायचें, हें सगळीकडे सारखेंच." भूगोलाचे धडे आम्हीं अनेक वर्षें दिले, पण इतकें सोपें स्पष्टीकरण आम्हांस कधीं सुचलें नव्हतें.

नदीच्या दक्षिण तीरावर चोबे राष्ट्रीय उद्यान आहे. १९६७ सालीं स्थापन झालेलें हें बोत्स्वानाचें पहिलें राष्ट्रीय उद्यान. त्याचें क्षेत्र सुमारें ११,७०० चौरस किलोमीटर. कोरड्या ऋतूंत आंतील रानांतलीं पाणथळें आटतात, तेव्हां पशु नदीच्या आश्रयास येतात. २०२२ सालीं पांच देशांच्या सलग प्रदेशांत विमानांतून हत्तींची मोजदाद झाली. तींत सुमारें २,२८,००० हत्ती असल्याचा अंदाज निघाला, आणि त्यांपैकीं सुमारें १,३२,००० एकट्या बोत्स्वानांतले. इतके हत्ती दुसऱ्या कोणत्याही देशांत नाहींत.

नौकांचे दोन प्रकार असतात. एक दुमजली, पुष्कळ लोकांची, आंत शौचकूप असलेली. दुसरी सपाट तळाची, लहान, मोजक्या खुर्च्यांची. पहिल्या दिवशीं मोठी घेतली. मातोश्रींना पाण्याची भीति वाटत नाहीं अशी खात्री पटल्यावर पुढील दिवशीं लहान घेतली, कारण ती कांठाच्या अगदीं जवळ जाते. नावाड्यानें व त्याच्या सोबत्यानें मातोश्रींना खुर्चीसकट उचलून नौकेंत ठेविलें, आणि "दुमेला, म्मा" असें म्हणून नमस्कार केला. त्या देशाच्या सेत्स्वाना भाषेंत कोणाही प्रौढ स्त्रीला आदरानें म्मा व पुरुषाला रा म्हणतात. म्मा म्हणजे आईच असणार, असा मातोश्रींनीं तत्काळ निर्णय दिला. ध्वनि सारखा म्हणून शब्द एका कुळांतले ठरत नाहींत, असें व्याकरणाचें शास्त्र सांगतें. तें आम्हीं त्यांना सांगूं लागलों, तेव्हां त्या म्हणाल्या, "तुझें शास्त्र राहूं दे. त्यानें हांक कशी मारली तें मी ऐकलें."

नौका चालूं लागली. कांठच्या चिखलांत मगरी तोंड वासून पडल्या होत्या. उष्णता कमी करण्याची ती त्यांची रीत आहे. पाणघोडे दिवसभर पाण्यांत डुंबतात व रात्रीं गवत खाण्यास बाहेर पडतात. त्यांचे कान आणि डोळे तेवढे वर दिसत. मध्येंच एखादा जांभई दिल्याप्रमाणें जबडा उघडी, तेव्हां नावाडी नौका दूर घेई, कारण तो जांभईचा नव्हे, दटावणीचा इशारा असतो. पांढऱ्या डोक्याचा मत्स्यगरुड वठलेल्या झाडावर बसून ओरडत होता. कवड्या खंड्या पाण्यावर जागच्या जागीं पंख हालवीत होता. तो पाहून मातोश्रींना गोदावरीची आठवण झाली, कारण हा पक्षी आपल्याकडेही असतो. गवतांत रानरेड्यांचा मोठा कळप चरत होता. मोटारींतून पाहतांना मान वळवावी लागते, उठावें-बसावें लागतें. येथें सारें डोळ्यांसमोरून सावकाश सरकत होतें, आणि पंचाऐशी वर्षांच्या माणसास हीच गति मानवते.

चोबेच्या पात्रांत सेदुदु नांवाचें एक सपाट, गवताळ बेट आहे. नामिबियाचे लोक त्याला कसिकिली म्हणतात. त्याचें क्षेत्र अवघें साडेतीन चौरस किलोमीटर असून पुरांत त्याचा बहुतेक भाग बुडतो. तरी त्याच्यासाठीं दोन देशांचा तंटा आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. १८९० सालीं इंग्लंड व जर्मनी यांनीं आपसांत करार करून या प्रदेशाची वांटणी केली. त्यांत सीमा नदीच्या मुख्य प्रवाहामधून जाईल असें लिहिलें. पण बेटाच्या दोन बाजूंस दोन प्रवाह, त्यांपैकीं मुख्य कोणता तें लिहिलें नाहीं. एका विशेषणाचा अर्थ ठरविण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. न्यायालयानें प्रवाहांची खोली, रुंदी इत्यादि पाहून १३ डिसेंबर १९९९ रोजीं ११ विरुद्ध ४ मतांनीं उत्तरेकडील प्रवाह मुख्य ठरविला व बेट बोत्स्वानास दिलें. दोन्ही देशांच्या नौकांना मात्र बेटाभोंवतीं मोकळीक ठेविली. दोन्ही पक्षांनीं हा निकाल मानला. व्याकरणाकडे दुर्लक्ष करणाऱ्या विद्यार्थ्यांस सांगण्यासारखें हें उदाहरण आहे.

हत्तींना अर्थात् या सीमेची माहिती नाहीं. तिसऱ्या दिवशीं दुपारीं चारच्या सुमारास दक्षिण तीरावरील झाडींतून एक कळप धूळ उडवीत उतरला. मातोश्रींनीं मोजले, लहानमोठे मिळून अकरा. प्रथम सर्व पाणी प्याले. मोठा हत्ती दिवसाकांठीं शंभर लिटरांहून अधिक पाणी पितो. आपल्याकडील हत्तिणींना मोठे सुळे नसतात. येथील हत्तिणींना ते असतात, हें मातोश्रींच्या प्रथम ध्यानांत आलें. नंतर एक वयस्क हत्तीण पाण्यांत शिरली आणि बेटाकडे चालूं लागली. तिच्या मागून बाकीचे, पिलें मधोमध. प्रवाह खोल झाला तसे सारे पोहूं लागले; पाण्यावर सोंडांचीं टोंकें व पाठींचे उंचवटे तेवढे राहिले. सर्वांत लहान पिलाला त्याची आई अंगानें रेटा देत होती. नावाड्यानें यंत्र बंद केलें. पाण्याच्या सळसळीखेरीज दुसरा आवाज नव्हता. मातोश्री खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या होत्या. कळप पलीकडे चढला, अंगें झटकलीं, आणि गवतांत पांगला. तेव्हां त्या हळूच म्हणाल्या, "म्हातारी पुढें होती. मागें कोणी तिला ढकलीत नव्हतें."

हत्तींच्या कुटुंबांत अधिकार वडील हत्तिणीचा असतो. तिची आठवण हेंच कळपाचें धन. १९९३ सालीं टांझानियाच्या तारंगीरे उद्यानांत मोठा दुष्काळ पडला. ज्या कळपांच्या नायिका वयानें मोठ्या होत्या ते उद्यान सोडून बाहेर पाण्याच्या शोधांत गेले, आणि त्यांचीं पिलें अधिक वांचलीं. त्या नायिकांनीं बालपणीं तीसपस्तीस वर्षांपूर्वींचा दुष्काळ पाहिला असावा, असें संशोधकांनीं अनुमान केलें. हें आम्हीं नौकेंत मातोश्रींना सांगितलें. त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनीं १९७२ च्या दुष्काळाची हकीकत काढली. त्यांचें माहेर सिन्नरकडील एका खेड्यांत. गांवच्या सर्व विहिरी आटल्या होत्या. तेव्हां डोळ्यांनीं अधू झालेल्या एका आत्याबाईंनीं, ओढ्याच्या अमुक वळणावर पूर्वीं झिरा निघाला होता, तेथें उकरा, असें सांगितलें. लोक हंसले. मातोश्री तेव्हां भावाच्या लग्नाच्या निमित्तानें तेथें होत्या. त्यांनीं व भावजयीनें मिळून वाळू उकरली आणि कमरेइतक्या खोलीवर ओल लागली. हत्तीही कोरड्या पात्रांत पायांनीं व सोंडेनें असेच खड्डे करून पाणी काढतात. ही हकीकत आम्हीं त्या दिवशीं प्रथमच ऐकली. नाशकांत, रोजच्या धांवपळींत ती निघण्याचें कारण नव्हतें. ती चोबेवर निघाली.

परततांना मातोश्रींनीं नावाड्यास विचारलें, "एवढे हत्ती, मग शेतकऱ्यानें काय करावें?" आम्हीं त्याचें भाषांतर केलें. तो हंसला नाहीं. हत्ती शेतें तुडवितात, माणसेंही मारतात, असें तो म्हणाला. बोत्स्वानानें २०१४ सालीं शिकारीस बंदी केली होती. खेड्यांतील लोकांच्या तक्रारींमुळें २०१९ सालीं ती उठविली. बाहेरच्या पुष्कळ लोकांना तें रुचलें नाहीं. दुरून हत्ती पाहणाऱ्याला तो सुंदर दिसतो, आणि ज्याच्या मक्यांत तो शिरतो त्याला दुसरेंच दिसतें. दोघांचेंही पाहणें खरें आहे.

शेवटच्या दिवशीं आम्ही मोटारीनें सुमारें ऐंशी किलोमीटरवरील झांबेझीचा प्रचंड धबधबा पाहण्यास गेलों. त्याची रुंदी १,७०८ मीटर व उंची १०८ मीटर. तेथील लोक त्याला "मोसी-ओआ-तुन्या" म्हणजे गर्जणारा धूर म्हणतात. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा १८५५ सालच्या नोव्हेंबरांत तेथें पोंचला व त्यानें आपल्या राणीचें नांव त्याला दिलें. त्याचा पुतळा धबधब्याच्या कडेला उभा आहे. त्या पुतळ्याशीं आम्हां नाशिककरांचा संबंध आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. अरबांच्या गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकी गुलाम मुलांपैकीं कांहींना मुंबईस आणून नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या आश्रमांत शिकविलें जाई. लिव्हिंग्स्टन १८६४ सालीं आपल्या लहान आगबोटींतून झांझिबारहून मुंबईस आला होता. १८६६ सालीं तो अखेरच्या प्रवासास निघाला तेव्हां त्यानें यांतील कांहीं तरुणांना बरोबर घेतलें. पुढें त्याच्या मदतीस धाडलेल्या मंडळींत जेकब वेनराइट हा शरणपूरचाच विद्यार्थी होता. १८७३ सालीं लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हां सोबत्यांनीं त्याचें हृदय तेथें झाडाखालीं पुरलें. त्या झाडावर जेकबनें त्याचें नांव कोरलें. मग त्याचा देह खांद्यांवरून महिनोन् महिने चालत त्यांनीं समुद्रकांठीं आणला, आणि १८७४ सालीं लंडनच्या दफनविधीस जेकब हजर होता.

मातोश्री जन्मभर शरणपूरच्या रस्त्यानें जात-येत आल्या. तुषारांनीं भिजलेला पदर सांवरीत त्यांनीं हें सारें ऐकलें व विचारलें, "त्या पोरांचे आईबाप कोण, तें कोणीं विचारलें होतें का?" बहुतेकांचे ठाऊक नव्हते, असें आम्हीं सांगितलें. "आणि तरी त्यांनीं परक्याला खांद्यावरून एवढें लांब नेलें," असें म्हणून त्यांनीं पुतळ्याकडे पाठ केली व धबधब्याच्या दिशेनें हात जोडले. नमस्कार करावा लागणार नाहीं अशा ठिकाणीं त्यांना जावयाचें होतें, याची आठवण आम्हीं त्यांना करून दिली नाहीं.

ज्यांना आपल्या वृद्ध मातेस वा पित्यास असें नेण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठीं अनुभवाचे चार शब्द लिहितों. रोज मुक्काम बदलूं नये. एकाच ठिकाणीं चार-पांच रात्री राहावें. औषधें हातांतील पिशवींत ठेवावीं, आणि आजारी माणसास विमानानें हलविण्याची सोय असलेला विमा उतरावा. जुलैंत पहाटे नदीवर कडाक्याचा गारठा असतो. लोकरीची शाल व कानटोपी विसरूं नये. भात व दहीं तेथें मिळतें. मेतकूट व लोणचें बरोबर असलें म्हणजे शाकाहारी माणसाचें अडत नाहीं. लहान नौकेंत शौचाची सोय नसते, म्हणून फेरी दोन तासांहून मोठी घेऊं नये. डॉक्टरांचा सल्ला तिकिटें काढण्यापूर्वीं घ्यावा, नंतर नव्हे. आणि डॉक्टर नाहीं म्हणाले तर ऐकावें. नदी आपल्या देशांतही आहेत.

घरीं आल्यावर शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं मातोश्रींना विचारलें, "एवढ्या लांब गेलांत, पुण्य काय लागलें?" मातोश्री म्हणाल्या, "तें वर गेल्यावर कळेल. तोंवर अकरा हत्ती माझ्याजवळ आहेत." धाकटे बंधु तेथेंच बसले होते; आतां ते आपल्या सासूबाईंना कोठें जावेंसें वाटतें याची चौकशी करीत आहेत. ज्यांच्या घरीं वडील माणसें आहेत त्या वाचकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, पुढच्या प्रवासाचा बेत ठरविण्यापूर्वीं, आपणांस काय पाहावयाचें राहिलें आहे, असें त्यांना एकदां विचारावें, आणि उत्तर ऐकून लगेच हंसूं नये.